जितेपणी लिहा

आमच्या शीव कोळीवाड्यात मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हातारे खेकसतात, "मेल्या, मला आताच पोचवतोस काय?" मग डोळे मिटतात आणि खोलीभर जागेसाठी भाऊ कोर्टाची पायरी चढतात. बहिणींपुढे हक्कसोडपत्र सरकवलं जातं. का म्हणून? २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित घरात लेकीला मुलाइतकाच वाटा दिलाय. आणि घर उभं राहिलं ते आईने डोक्यावर वाहिलेल्या म्हावऱ्याच्या पाटीवर. कागदावर मात्र तिचं नावच नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही कुणी सांगत नाही. मृत्युपत्राला साधा कागद, आपली सही, दोन साक्षीदार पुरतात. स्टॅम्पही लागत नाही. हातपाय चालतायत तोवर, बिल्डर दारात येण्याआधी लिहा.