सीट कव्हर घेताय? आधी बक्कल शोधा

घरात पहिली गाडी आली की पुढचा क्रम ठरलेला असतो. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, शेजाऱ्यांना पेढे आणि येत्या रविवारी थेट अ‍ॅक्सेसरीजचं दुकान. आमच्याकडेही तेच झालं. गाडी सेकंडहँड, पण घरातली पहिलीच. वरळी सी फेसला उभ्या असलेल्या एका गाडीत मी मेंढीच्या कातड्याची पांढरीशुभ्र, गुबगुबीत सीट कव्हरं पाहिली होती. तेव्हापासून डोक्यात तेच. दुकानात ‘सेम टु सेम’ मिळालं, दोन तासांत बसवूनही झालं. फोटो काढला, स्टोरी टाकली, बदाम पडले.

त्याच संध्याकाळी आई आणि आत्याला घेऊन सी लिंकवरून वांद्र्याला निघालो. मागून आईचा आवाज, ‘अरे, हा बेल्ट अडकवायचा कुठे?’ बक्कल दिसतच नव्हतं. ‘टोचतं’ म्हणून फिटरने ते कव्हरखाली दाबून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर तो हसून म्हणाला, ‘भाई, पीछे बेल्ट कौन लगाता है?’

खरं सांगा, तुम्ही तरी लावता का? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२पासून मुंबईत मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा झाला. त्याला काही वर्षं उलटली, तरी कव्हर बसवताना पहिला बळी जातो तो मागच्या बक्कलांचाच. आणि आपण पैसे मोजून तो देतो!

पुढच्या सीटची गोष्ट तर आणखी गंभीर. हल्ली बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या आतच असते. सीटच्या पाठीला, दाराकडच्या कडेला ‘एअरबॅग’ असं छोटं लेबल दिसतं. धडक बसली की ती क्षणार्धात तिथली शिवण फाडून बाहेर येते. त्यावर जाडजूड, चारी बाजूंनी घट्ट शिवलेलं कव्हर चढवलं तर ती अडकू शकते, उशिरा किंवा भलत्याच दिशेला उघडू शकते. म्हणून अशा सीटला एक तर ती बाजू उघडी ठेवणारं कव्हर हवं, नाहीतर एअरबॅगसाठी मुद्दाम उसवणारी शिवण दिलेलं. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल एकदा उघडा. त्यात कव्हरबद्दल काय लिहिलंय ते दुकानदाराच्या शब्दापेक्षा मोठं.

आता मेंढीच्या कातड्याकडे येऊ. ते निव्वळ शो आहे का? नाही. लोकरीचे तंतू स्प्रिंगसारखे असतात. अंग आणि सीट यांच्यात हवा खेळती राहते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली मेंढीचं कातडं घालतात, ते उगाच नाही. आपला धनगर पावसातही घोंगडी खांद्यावर टाकून हिंडतो, ती याच लोकरीच्या भरवशावर.

पण घोंगडी म्हणजे नुसती विणलेली लोकर. कव्हरला खाली कमावलेलं कातडंही असतं आणि मुंबईत घोळ तिथेच होतो. कपाटातला लेदरचा पट्टा जुलैत पांढरट बुरशीने भरतो ना? मग वरळीच्या खाऱ्या, दमट हवेत, ओल्या जीन्सने बसलेल्या माणसाखाली, काचा बंद असलेल्या गाडीत त्या कातड्याचं काय होईल? म्हणून माझं मत ऐका: घ्यायचंच असेल तर फक्त ड्रायव्हर सीटसाठी घ्या, पटकन काढता येईल असंच घ्या आणि पावसाळ्यात काढून घरात कोरड्या जागी ठेवा. ओलं झालं तर सावलीत वाळवा, कडक उन्हात कातडं कडक होतं.

घेताना लोकर दोन बोटांनी बाजूला करून मुळाशी बघा. खाली कातडं दिसलं तर अस्सल, विणलेलं कापड दिसलं तर बहुतेक पॉलिस्टर. आम्हाला मिळालेलं ‘सेम टु सेम’ दुसऱ्या प्रकारातलं निघालं. घाम शोषणं सोडाच, पाठीला शेकोटी.

माझे बाबा टॅक्सी चालवायचे. प्रीमियर पद्मिनी, तीच जी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. त्यांच्या सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर आणि त्यावर टॉवेल. तेव्हा मला ते फार ‘डाउनमार्केट’ वाटायचं. पण बारा-बारा तास गाडीत बसणाऱ्या माणसाने निवडलेली वस्तू होती ती! मण्यांमधून हवा जाते, टॉवेल रोज धुता येतो. आपण दिवसातून तासभर बसतो आणि फोटो बघून रेक्झिन निवडतो.

याचा अर्थ सीट दिसायला सुंदर नसावी असा नाही. २०१५मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमात तरुण डिझायनरांनी मुंबईच्या टॅक्सींच्या सीट आणि छत रंगीबेरंगी चित्रांच्या कापडाने सजवले होते. बघत राहावं असं काम होतं. लुक हवाच, पण तो यादीत शेवटी. आधी बेल्ट, मग एअरबॅग, मग हवा आणि धुणं, मग रंग.

आणि फिटिंग चालू असताना समोर उभे राहा. चहाला जाऊ नका. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात, त्या कुणी ओढत नाही ना ते बघा. कव्हरचे पट्टे सीटच्या रुळांत अडकत नाहीत ना, सीट पुढेमागे सरकते ना, कव्हर अंगाखाली घसरत नाही ना, हे सगळं स्वतः बसून तपासा. पैसे त्यानंतर द्या.

आमचं कव्हर मी त्याच आठवड्यात काढलं. ड्रायव्हर सीटवर आता टॉवेल आहे. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. तुम्ही एवढंच करा, या रविवारी स्वतःच्या गाडीत मागे जाऊन बसा आणि तिथली सगळी बक्कलं हाताला लागतात का बघा. एक जरी सापडलं नाही, तरी आईला मागे बसवण्याआधी ते कव्हर उचका.