ठिणगी वायरची, जळण पेटीचे



इमारतीत आग लागली की दुसऱ्या दिवशी ‘शॉर्टसर्किटमुळे’ एवढे छापून येते आणि विषय मिटतो. ठिणगी वायरमधून पडली असेल, पण तिला जळण कुणी पुरवले? जुन्या इमारतींत मीटरच्या पेट्या जिन्याखाली ओळीने बसवलेल्या असतात आणि माणसांना उतरायला तोच एक जिना. यातल्या पुष्कळ पेट्या पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतूंच्या. फायबरच्या कामात माझी २२ वर्षे गेली, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

रेझिन मुळात जळणारेच. त्याला आवरायला अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे आमच्या एटीएचची, पांढरी पूड फिलर म्हणून कालवतात. साधारण २०० अंशांपुढे ती फुटू लागते आणि वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के पाणी वाफ होऊन निघते. ज्वाला गारठते. पण चॉक पावडरही तशीच पांढरी, आणि बरीच स्वस्त. ती २०० अंशांना ढिम्म हलत नाही. ती फुटेपर्यंत रेझिन कधीच जळून गेलेले असते. साच्यातून निघालेल्या दोन पेट्यांतला हा फरक मलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

एका खरेदीदाराने विचारले होते, “फिलर तो फिलर. किलोमागे किती कमी कराल?” मी त्याच्यासमोर दोन पट्ट्या चिमट्यात धरून बर्नरवर दहा-दहा सेकंद ठेवल्या. एटीएचची पट्टी बर्नर हटवताच विझली. चॉकची काळा धूर ओकत चिमट्यापर्यंत जळत आली. ऑर्डर तरीही दुसऱ्यालाच गेली.

निविदेत ‘अग्निरोधक’ हा शब्द असतो, सोबत प्रमाणपत्रही जोडलेले असते. ते कधीकाळी पाठवलेल्या नमुन्याचे. आज टेम्पोतून उतरलेल्या मालाचे नव्हे. म्हणून प्रत्येक लॉटमधली एक पेटी घेणाऱ्याने स्वतः उचलावी, कापावी आणि जाळून पाहावी. बर्नर, चिमटा, घड्याळ. एक पेटी वाया जाईल, जाऊ द्या.

आग रोखणारी रसायने विषारी असतात, असा आक्षेप येईल. काही आहेतच, डेकाबीडीई हे ब्रोमिनयुक्त रसायन २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले ते उगाच नव्हे. एटीएचमधून मात्र पाणीच सुटते. तिची अडचण निराळी: भरपूर घालावी लागते, रेझिन घट्ट होते, साच्यात पसरत नाही. मग पाळीवरचा कुणीतरी वैतागून दोन घमेली कमी टाकतो.

आमच्याच सोसायटीत पेट्या बदलल्या तेव्हा मी कोणती पूड घातली आहे म्हणून विचारले. “सर्टिफिकेट आहे हो काका,” असे उत्तर मिळाले.

– एक फायबर कारखानदार, भोसरी