मास्क कोणाच्या नाकासाठी?

२०२० साली करोनाची साथ आली आणि मास्क घराघरांत पोहोचला. सुती कापडाचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा मास्क घरी कसा शिवावा, याची पुस्तिका केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने काढली. महिला बचत गटांनी असे मास्क शिवून दिले. चांगलेच झाले. पण त्याआधी कित्येक दशके आपला सफाई कामगार तोंडाला रुमाल बांधून राबत होता, तेव्हा त्याच्या श्वासाची चिंता कोणाला होती? आता त्याच्या हाती कापडी मास्क टेकवून 'सुरक्षा साधने पुरविली' असे लिहिले, तर ती शुद्ध फसवणूक आहे.

कापडी मास्क मुख्यतः बोलता-खोकताना उडणारे थेंब अडवितो. झाडलोटीची, कचरा डेपोची, दगडखाणीची बारीक धूळ त्याने पुरेशी थांबत नाही. त्यासाठी रबराचा किंवा सिलिकॉनचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. तो धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो, फक्त त्याचे फिल्टर बदलावे लागतात. कडेला फट राहिली की धूळ आत शिरते. म्हणून त्याची लहान-मोठी मापे हवीत. असा मास्क तयार करताना पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईला कोणी विचारतो काय? उन्हात, घामात जो तासभरही सहन होत नाही तो खिशात जाणारच. मग साहेब म्हणणार, 'दिले तरी हे लोक वापरत नाहीत!'

मैल्याच्या टाकीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथे हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू असतो आणि प्राणवायू कमी असतो. कोणताही फिल्टर प्राणवायू निर्माण करीत नाही. तेथे बाहेरची शुद्ध हवा पुरविणारेच साधन लागते.

आता कायदा पाहू. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ गटारे व मैल्याच्या टाक्यांच्या 'धोकादायक सफाई'ला मनाई करते. पण कलम २ मधील व्याख्या वाचा. मालकाने संरक्षक साधने न देता, दक्षता न घेता करविलेली सफाई म्हणजे धोकादायक सफाई! म्हणजे साधने दिल्याची नोंद कागदावर झाली की माणसाला खाली उतरविणारा ठेकेदार पळवाट शोधणार. मास्क कामगाराच्या नाकावर नसतो, तो ठेकेदाराच्या बचावासाठी असतो.

गटारातील मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी १० लाखांवरून ३० लाख केली. पण ती माणूस मेल्यावर मिळते. जिवंतपणीच्या श्वासाचे काय?

कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: कोणत्या प्रकारचे मास्क घेतले, ते कोणाला कोणत्या मापाचे दिले आणि फिल्टर शेवटचे केव्हा बदलले. टाकीत मात्र मास्क लावूनही माणूस उतरता कामा नये. तेथे यंत्रच उतरले पाहिजे. धुळीत राबणाऱ्याला चांगला मास्क हा त्याचा हक्क आहे. गटारात ढकलण्याचा परवाना म्हणून तो कोणी वापरणार असेल, तर त्याला न्यायालयात खेचलेच पाहिजे.