अभ्यासक्रमातला समावेश आणि उत्तरपत्रिकेतला बहिष्कार

मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत गेल्या चार-पाच दशकांत मोठा बदल झाला, यात शंका नाही. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आज पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना अपरिचित नाहीत. दलित, ग्रामीण, आदिवासी, स्त्रीवादी अशा प्रवाहांना अभ्यासपत्रिकांत स्थान मिळाले. त्यामुळे आपले अध्यापन सर्वसमावेशक झाले, असे समाधान आपण अध्यापक बाळगू लागलो आहोत. हे समाधान घाईचे आहे, असे मला वाटते. पुस्तक वर्गात आले म्हणजे त्या पुस्तकाच्या जगातून आलेला विद्यार्थीही वर्गात सामावला गेला, असे होत नाही.

काही वर्षांपूर्वी मी उत्तरपत्रिका तपासत होतो. आत्मकथनांतील बोलीच्या योजनेविषयी प्रश्न होता. बहुतेकांनी गाइडांतली 'अस्सल', 'जिवंत', 'रांगडी' ही विशेषणे क्रमाने उतरवली होती. एका विद्यार्थ्याने मात्र असे लिहिले होते की, घरात चालणारी भाषा पोलिसांपुढे आणि मास्तरांपुढे चालत नाही, म्हणून तिथे भाषा बदलावी लागते आणि हे बदलणे ही शैली नसून स्वतःचा बचाव असतो. एवढे नेमके निरीक्षण त्या गठ्ठ्यात दुसरे नव्हते. पण त्याच्या उत्तरात 'पानी', 'आनि', 'व्हतं' असे शब्द जागोजागी होते. मी त्यांखाली लाल रेघा ओढल्या आणि सवयीने गुण कापले. 'पानी' हा उच्चार छापील पुस्तकात दिसला की आपण त्याला भाषिक वास्तव म्हणतो आणि उत्तरपत्रिकेत दिसला की अशुद्ध ठरवतो, ही विसंगती माझ्या ध्यानात आली तेव्हा निकाल लागून गेला होता.

'अशुद्ध' या शब्दाचाही विचार व्हायला हवा. ज्या समाजाने शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेवर माणसांची प्रतवारी केली, त्या समाजात एखाद्याच्या भाषेला अशुद्ध म्हणणे ही निव्वळ व्याकरणिक नोंद राहत नाही. 'प्रमाणलेखनाला धरून नाही' असे म्हणता येते आणि तेच अधिक अचूक आहे. 'शुद्ध' म्हटले की पावित्र्य येते. 'प्रमाण' म्हटले की ती सोयीसाठी ठरवलेली व्यवस्था आहे, याची आठवण राहते.

लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत ही विसंगती आणखी उघडी पडते. तो सांगतो आणि लेखनिक लिहितो. ऱ्हस्वदीर्घाची चूक लेखनिकाच्या हातून होते, गुण मात्र विद्यार्थ्याचे जातात. दिव्यांग व्यक्तींसाठीच्या २०१६च्या कायद्याने उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा राखून ठेवल्या. प्रवेशाचे दार कायदा उघडू शकतो. तपासणाऱ्याच्या लाल पेनापर्यंत तो सहसा पोहोचत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. स्पर्धा परीक्षा, नोकरी, संशोधन सर्वत्र प्रमाण मराठीच लागते. तिचा आग्रह सोडला तर नुकसान याच विद्यार्थ्यांचे होईल, असे अनेक सहकारी कळकळीने म्हणतात. डॉ. आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत'मधून प्रमाण मराठीत समर्थ लेखन केले, याचा दाखलाही दिला जातो. प्रमाणभाषा शिकवू नये, असे माझे म्हणणे नाहीच. ती न शिकवता तिची परीक्षा घेऊ नये, एवढेच आहे. ज्यांच्या घरी ती बोलली जाते त्यांना ती आयती मिळते. इतरांना ती कोणत्या तासाला शिकवली, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक लाभले. दलित साहित्याच्या वाटचालीत त्या परिसराला जे स्थान आहे ते केवळ प्रवेश दिल्याने मिळालेले नाही. शिकणाऱ्याला लिहिते करणे हे अध्यापकाचेच काम आहे, हा त्याचा धडा आहे.

अलीकडे मी काही साध्या गोष्टी करतो. अंतर्गत परीक्षेत आशयाचे आणि लेखननियमांचे गुण वेगळे देतो आणि ते आधी सांगतो. पहिला मसुदा कोणत्याही बोलीत चालतो. दुसरा प्रमाणभाषेत लिहायचा आणि त्यासाठी वर्गातच वेळ द्यायचा. लेखनिकाच्या चुकांचे गुण कापत नाही. आत्मकथन शिकवताना 'तुमच्याकडे असेच असते ना?' हा प्रश्न कोणालाही विचारत नाही, कारण विद्यार्थी वर्गात वाचक म्हणून आलेला असतो, आपल्या जातीचा साक्षीदार म्हणून नव्हे. पूर्वी हा प्रश्न मी सहानुभूतीने विचारत असे. ज्याला तो विचारला जाई तो मान खाली घालत असे, हे मला फार उशिरा दिसले.

विद्यापीठाच्या परीक्षेत यातले फारसे काही माझ्या हाती नाही. त्यासाठी अभ्यासमंडळांनी आणि परीक्षकांच्या बैठकांनी हा विषय कामकाजात घ्यायला हवा. त्या विद्यार्थ्याचे कापलेले गुण आता परत देता येणार नाहीत. पुढच्या गठ्ठ्यात मात्र असेच एखादे उत्तर असणार आणि ते वाचणारा आपल्यापैकीच कोणीतरी असणार आहे.