डोळ्यांना विसावा, पण किल्ल्या कोणाच्या हाती?

रात्री उशिरापर्यंत संगणकासमोर बसणाऱ्यांच्या डोळ्यांना पांढऱ्याशुभ्र पानाचा उजेड खुपतो. काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे दाखवणारा ‘डार्क मोड’ लोकप्रिय झाला तो त्यामुळेच. ॲपलने २०१८ मध्ये संगणकावरील ‘मोहावी’ प्रणालीत ही सोय दिली. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ यांनी ती मोबाइलवर आणली. मात्र, प्रणाली काळी केली म्हणजे प्रत्येक संकेतस्थळ काळे होते असे नाही. त्यासाठी संकेतस्थळाच्या निर्मात्याने वेगळी रंगयोजना तयार ठेवावी लागते, आणि ती अनेक ठिकाणी नसते. ही उणीव भरून काढतात ती एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राऊझरला जोडता येणारे छोटे पूरक प्रोग्रॅम. त्यांतील बरीचशी फुकट मिळतात आणि क्षणात बसवता येतात. पण पैसे मोजले नाहीत म्हणजे किंमत मोजली नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

क्रोम ब्राऊझरमध्ये असे एक्स्टेन्शन बसवताना सर्व संकेतस्थळांवरील सर्व माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागितली जाते. ही मागणी अवाजवी नाही. पानावरचा कोणता रंग पार्श्वभूमीचा, कोणता अक्षरांचा, हे पान वाचल्याशिवाय कळत नाही आणि पानात फेरफार केल्याशिवाय रंग पालटत नाही. अडचण अशी की, ‘फक्त रंग बदला, मजकूर पाहू नका’ अशी मर्यादित परवानगी देण्याची व्यवस्थाच ब्राऊझरमध्ये नाही. भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याच्या हाती तिजोरीसकट घराच्या साऱ्या किल्ल्या द्याव्यात, तसा हा प्रकार आहे. रंगारी प्रामाणिक असेलही. पण बँकेतील शिल्लक, ई-मेल, वैद्यकीय अहवाल हे सारे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येते.

ही भीती काल्पनिक नाही, हे ‘स्टायलिश’ या एक्स्टेन्शनने दाखवून दिले. संकेतस्थळांचे रूप मनाजोगते बदलण्यासाठी, विशेषतः ती काळी करण्यासाठी, ते दीर्घकाळ वापरले जात होते. २०१७ च्या प्रारंभी त्याची मालकी ‘सिमिलरवेब’ या संकेतस्थळांच्या वाहतुकीचे विश्लेषण करणाऱ्या कंपनीकडे गेली. जुलै २०१८ मध्ये रॉबर्ट हीटन या संगणक अभियंत्याने उघड केले की, वापरकर्ता कोणकोणत्या पानांना भेट देतो याची नोंद हे एक्स्टेन्शन एका विशिष्ट ओळखक्रमांकासह कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवत आहे. त्यानंतर मोझिला आणि गूगल या दोघांनीही ते आपापल्या दालनातून हटवले. पानांचे केवळ पत्ते गेले तर काय बिघडले, असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. तो टिकणारा नाही. पासवर्ड बदलण्याचे दुवे किंवा ‘ज्याच्याकडे दुवा आहे त्याला उघडता येईल’ अशी कागदपत्रे यांची सुरक्षितता त्या पत्त्याच्या गुप्ततेवरच अवलंबून असते.

या प्रकरणाचा खरा धडा मालकीबदलाचा आहे. वापरकर्ता परवानगी देतो ती एका निर्मात्याला. ती चालू राहते मात्र पुढच्या मालकासाठीही. नव्या आवृत्तीला जादा परवानगी लागत नसेल, तर ती न विचारता आपोआप बसते. सर्व माहिती वाचण्याची मुभा आधीच असल्यावर जादा काही मागण्याची गरजही उरत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे संगणकाची मेमरी वाचवणारे एक्स्टेन्शन २० लाखांहून अधिक लोक वापरत होते. ते २०२० मध्ये विकले गेले आणि त्यात घातक प्रोग्रॅम असल्याचे कारण देऊन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये बंद केले. डिसेंबर २०२४ मध्ये तर ‘सायबरहेवन’ या माहिती-सुरक्षेच्या क्षेत्रातील कंपनीचाच कर्मचारी बनावट ई-मेलला फसला आणि तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. मालक प्रामाणिक असूनही किल्ल्या चोरीला जाऊ शकतात, हे त्यातून दिसले.

अर्थात सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. ‘डार्क रीडर’सारख्या एक्स्टेन्शनचा स्रोत खुला आहे, म्हणजे जाणकारांना त्याची तपासणी करता येते. फायरफॉक्सच्या ‘शिफारस केलेल्या’ यादीतील एक्स्टेन्शन मोझिलाकडून तपासली जातात. क्रोमच्या नव्या नियमांनुसार बाहेरच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम आणून तो एक्स्टेन्शनमध्ये चालवण्यास मनाई आहे. ही पावले स्वागतार्ह असली तरी सर्व पाने वाचण्याची मूळ मुभा त्यामुळे संपत नाही.

मग एवढी जोखीम घेऊन पदरात काय पडते? २०२१ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी ओलेड पडद्यांच्या मोबाइलवर मोजमाप केले. पडद्याची प्रखरता ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडमुळे सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते, असे त्यांना आढळले. एलसीडी पडद्यामागचा दिवा पान काळे असले तरी जळतच राहतो, त्यामुळे तेथे लाभ नगण्य असतो. डोळ्यांचा शीण बव्हंशी पापण्या कमी लवल्याने येतो. तो रंग पालटून जात नाही. दृष्टिवैषम्य असलेल्या अनेकांना तर काळ्यावरची पांढरी अक्षरे अधिकच पसरट दिसतात. तरीही प्रखर उजेड सोसत नाही, अशा व्यक्तींसाठी ही सोय चैन नसून गरज आहे, हे विसरता येणार नाही.

त्यामुळे सरसकट नकारापेक्षा तारतम्य महत्त्वाचे. संकेतस्थळाचा स्वतःचा डार्क मोड असल्यास तोच वापरणे श्रेयस्कर. फायरफॉक्समध्ये पानांचे रंग एक्स्टेन्शनशिवायही ठरवता येतात. एक्स्टेन्शन हवेच असेल, तर क्रोममध्ये ते ठरावीक संकेतस्थळांपुरते किंवा क्लिक केल्यावरच चालेल, असे बंधन २०१८ पासून घालता येते. बँकेच्या व्यवहारांसाठी एक्स्टेन्शन नसलेले वेगळे प्रोफाइल ठेवणेही अवघड नाही.

तथापि, सारा भार वापरकर्त्याच्या सावधपणावर टाकणे योग्य नव्हे. मालकी बदलली की वापरकर्त्याला स्पष्ट सूचना देऊन संमती नव्याने घेणे, आणि केवळ रंग बदलण्यापुरती मर्यादित परवानगी निर्माण करणे, ही कामे ब्राऊझर बनवणाऱ्या कंपन्यांचीच आहेत. एकदा दिलेला होकार कायमचा आणि कोणाच्याही नावे वटवता येणारा धनादेश ठरत असेल, तर त्याला संमती म्हणता येत नाही.