नाकभर पुढे राहिलेला जॉन हेन्री

शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्क या रेसकोर्सवर एकेकाळी नेमाने जाणारे जुने शौकीन अजूनही ३० ऑगस्ट १९८१च्या शर्यतीबद्दल भरभरून बोलतात. थरोब्रेड घोड्यांची दहा लाख डॉलर बक्षिसाची ती पहिलीच शर्यत! टीव्हीवर तर ‘द बार्ट’ हा घोडा जिंकल्याचं जाहीरही झालं. फोटो पाहिल्यावर कळलं, सहा वर्षांचा जॉन हेन्री नाकभर पुढे होता. त्या निसटत्या क्षणाचा ब्राँझ पुतळा पुढे तिथेच उभा राहिला. १९८५च्या जुलैत आगीत प्रेक्षागृह खाक झालं, तरी २५ दिवसांत तंबू ठोकून त्या वर्षीची तीच शर्यत पार पडली. केवढी ही जिद्द! २५ सप्टेंबर २०२१ला तिथे शेवटचे घोडे धावले. २०२३मध्ये ‘शिकागो बेअर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाने जागा विकत घेऊन आगीनंतर पुन्हा बांधलेलं प्रेक्षागृह पाडलं. ते राखायला हवं होतं.