कोण कोणासाठी थांबलं?

पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरच्या गल्ल्यांतून बुटांचे आवाज निघतात. कुणी बारावीतला, कुणी बीएच्या पहिल्या वर्षातला, कुणी दोन वर्षं नुसता प्रयत्नच करणारा. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे निघालेली ही पोरं १६०० मीटर धावतात, मोबाइलमधल्या घड्याळात वेळ बघतात आणि पुन्हा उभी राहतात. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, भरती. अग्निवीर असो, पोलीस असो की एसआरपी, जिथे जागा निघेल तिथे. ज्यांच्या घरची शेती पावसावर आहे आणि वडील वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर आहेत, त्यांच्यासाठी ही पहाट म्हणजे घराचा आधार आहे. त्यांच्या घामाचं मोल करावं तेवढं थोडंच.

या मैदानावर एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. शेवटच्या फेरीत कळ येऊन वाकलेल्या मुलासाठी कोण थांबलं? भरतीच्या घड्याळात अशा थांबण्याला गुण नाहीत. अधिकाऱ्याच्या निवडीत नेमकं तेच बघतात, आणि शहरातल्या बहुतेक घरांना हे माहीतच नाही.

अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, लेखी परीक्षा ९०० गुणांची आहे आणि त्यानंतरच्या एसएसबीला, म्हणजे निवड मंडळापुढच्या पाच दिवसांच्या चाचण्यांनाही, ९०० गुण आहेत. म्हणजे गणित, इंग्रजी, विज्ञान, इतिहास या सगळ्यांना मिळून जेवढं वजन, तेवढंच त्या पाच दिवसांना. तिथे पोहोचल्यावर मुलाचं नाव बाजूला राहतं आणि छातीवर चेस्ट नंबर येतो. मैदानावरच्या सांघिक कामात आठ-दहा जणांच्या गटाला दोर, फळी आणि ओंडका देऊन अडथळे पार करायला सांगतात. लाल रंगाच्या भागाला हात लागता कामा नये. सुरुवातीच्या कामांत गटाला नेता नेमून दिलेला नसतो. कुणी ओरडून हुकूम सोडतो, कुणी फळी घेऊन एकटाच पुढे जातो. एखादी मुलगी मात्र मागे वळून बघते आणि ओंडका पेलत नसलेल्या सोबत्याच्या खांद्याखाली आपला खांदा लावते. जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, एका बाजूला उभा राहून लिहून घेत असतो.

या पद्धतीमागचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांचा तुटवडा पडला. तोवर घराणं, शाळा आणि थोड्या वेळाची मुलाखत यांवर निवड चाले. अशा रीतीने निवडलेले अनेक जण प्रशिक्षणातच अपुरे ठरू लागले. मग १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने नवी निवड मंडळं उभी राहिली. विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने तिथे नेता नसलेल्या गटाची चाचणी आणली. स्वतः यशस्वी होण्याची धडपड आणि सोबत्यांची काळजी, या दोन ओढी एकाच माणसात एकाच वेळी कशा वागतात, हे त्याला बघायचं होतं. १९४३ मध्ये ही पद्धत देहरादूनला आली. पुढे भारतीय सैन्याने ती आपलीशी केली आणि आजही ती वापरात आहे. बापाचं नाव आणि शाळेची फी यांपलीकडे जाऊन माणूस बघायचा, या गरजेतून ती जन्मली होती. कोरडवाहू गावातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने यापेक्षा न्याय्य परीक्षा सापडणं कठीण.

आणि याच परीक्षेसाठी आता पाठांतर विकलं जातं. शब्दचाचणीत ६० शब्द असतात आणि प्रत्येकासाठी १५ सेकंद. लगेच ‘आदर्श’ वाक्यांच्या याद्या तयार! चित्र बघून गोष्ट लिहायची, तर कुठल्याही चित्रात बसेल असा साचा हजर. हा मुलांवर मोठा अन्याय आहे. मानसशास्त्रज्ञ, जीटीओ आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघं उमेदवाराला स्वतंत्रपणे पारखतात आणि पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये आपली मतं एकत्र ठेवतात. कागदावर धाडसी वाक्यं लिहिणारा मुलगा मैदानावर गप्प राहिला, की विसंगती उघडी पडते. मुलगा घरी येतो तो ‘आपल्यात नेतृत्वगुण नाहीत’ असा समज घेऊन. खरं तर त्याला कुणी कधी कुठली जबाबदारी दिलेलीच नसते.

म्हणूनच नेतृत्व शिकवता येतं का, या जुन्या वादाचं उत्तर पुस्तकांपेक्षा माणसांत शोधावं.

रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचे पुत्र. १९४० मध्ये ते बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले. हवालदार झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. त्यानंतर चारच महिन्यांनी, ८ एप्रिल १९४८ रोजी, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढताना त्यांच्या तुकडीवर तोफगोळे पडले. दोन जवान ठार झाले, स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, त्याच्या गतीशी गती जुळवत आणि दोरीने चालकाला इशारे देत ते पुढे सरकले. तीन-चार दिवस झाडं, सुरुंग, तुटलेले रस्ते असं एकेक दूर करत त्यांनी वाट मोकळी केली. परमवीरचक्र हयातीत स्वीकारणारे ते पहिले वीर. या पराक्रमामागे जवान म्हणून काढलेली सात वर्षं होती. सुरुंग काढणाऱ्याचा हात कधी थरथरतो, हे त्यांनी आधी स्वतःच्या हातावर अनुभवलेलं होतं.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. तिथे शिकलेले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई असताना एसएसबीला सामोऱ्या गेल्या, चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत त्यांनी खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अधिकारी झाल्या. घर, मुलं आणि दुःख सांभाळणाऱ्या स्त्रीच्या अंगात जे होतं, त्याला प्रशिक्षणाने वळण दिलं.

खडकवासल्याच्या एनडीएतही शिकवण्याची रीत अशीच आहे. पहिल्या सत्रातला कॅडेट हुकूम पाळतो. पुढे त्याच्याकडे धाकट्या कॅडेटांची जबाबदारी येते आणि अखेरच्या सत्रांत काही जण आपल्या स्क्वॉड्रनचे कॅडेट कॅप्टन होतात. कॅम्प तोरणासारख्या शिबिरांत पाठीवर ओझं घेऊन अख्खी तुकडी धावते. तीन वर्षं हेच, चुकत आणि सुधारत.

छत्रपती संभाजीनगरकरांनी अभिमान बाळगावा अशी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या शहरात आहे. सैन्याच्या अधिकारीवर्गात मराठी मुलं कमी दिसतात, म्हणून राज्य सरकारने १९७७ मध्ये इथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, म्हणजे एसपीआय, काढली. दहावीच्या वर्षी राज्यभरातून लेखी परीक्षा आणि मुलाखतीने मुलं निवडायची आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं निवासी ठेवून एनडीएसाठी घडवायची, हे तिचं काम. पुंडलिकनगरातून रिक्षाने गाठता येईल एवढ्या अंतरावर ती आहे. तरीही पहाटे धावणाऱ्या मुलांना तिचं नाव कळतं ते बारावी झाल्यावर, म्हणजे वेळ निघून गेल्यावर.

मुलींसाठी तर दारच उशिरा उघडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या आदेशानंतर एनडीएने मुलींना प्रवेश दिला आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली खेत्रपाल मैदानावरून संचलन करत बाहेर पडल्या. महाराष्ट्राने मुलींसाठीची सेवापूर्व संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू केली. उत्तम झालं. पण मराठवाड्यातली एखादी आई दहावीतल्या लेकीला एकटीला नाशिकला पाठवायला तयार व्हायची, तर त्या संस्थेची माहिती तिच्या घरी दोन वर्षं आधी पोहोचायला हवी. हे काम जाहिरातीवर सोडून चालणार नाही, शाळेने हाती घ्यायला हवं.

आणि शाळेने खरोखर हाती घ्यायचं ठरवलं, तर त्यासाठी दोर आणि ओंडक्यांचं मैदान लागत नाही. या शहरातल्या मुलांना लहानपणापासून पाण्याचा हिशेब माहीत आहे. जायकवाडीचं पाणी नळाला किती दिवसांनी येईल, कुणाची मोटर आधी लावायची, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे हंडे कोण वर नेणार, हे एखादा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी गल्लीत जुळवून आणते, तेव्हा एसएसबीतल्या गटनियोजनाचाच सराव चाललेला असतो. गणेश मंडळाच्या वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारा पोरगाही तेच करत असतो. एनसीसी असलेल्या शाळांत कवायतीच्या जोडीला जबाबदारी वाटून द्यावी. दर आठवड्याला नवा गटप्रमुख नेमावा, वर्गातल्या सर्वांत हुशार मुलालाच दर वेळी नाही, गप्प बसणाऱ्या मुलीलाही. काम संपल्यावर पंधरा मिनिटं गोल बसून काय चुकलं ते बोलावं आणि चूक सांगणाऱ्याला कुणी हसू नये. जिथे एनसीसी नाही, अशा महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत हे आठवीपासून करता येईल. शहराला छावणीची जुनी ओळख आहे, निवृत्त सुभेदार आणि अधिकारी इथल्या वसाहतींत राहतात. शनिवारी दोन तास शाळेत या, म्हणून शाळांनी त्यांच्या दारी जाऊन विनंती करावी.

सुरुवात करायला क्रीडा संकुलाचं मैदानही चालेल. तिथे पोरांच्या वेळा लिहून घेणाऱ्या मार्गदर्शकांच्या वहीत नाव, फेऱ्या, मिनिटं आणि सेकंद असे रकाने असतात. त्यांनी शेजारी आणखी एक रकाना आखावा, आज कोण कोणासाठी थांबलं, आणि रोज धावणं संपल्यावर तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा.